शपथेबाहेरची होडी

॥ श्री ॥

मोताळा, दि. १९ जुलै १९६१

श्री. शेषराव यांस,

उत्तमरावाचा रामराम. बहिणीचा नवरा म्हणून मान द्यावा लागतो, तो इथे वर दिला. खाली मजकुरात शोधू नका.

काल आमच्या बाजारात तुमच्या वडनेरचा मोतीराम बैल पाहायला आला होता. त्याने चार लोकांत सांगितलं, की वडनेर भोलजीचे शेषराव गोठ्यामागे होडी बांधून घेत आहेत. बांधणारा कोण, तर तुळशीराम सुतार, ज्याने जन्मभर गाड्या आणि वखरं केली. लोक पोट धरून हसले. मीही हसलो, न हसून करतो काय! पण जाता जाता मोतीराम म्हणाला, "बाई बी जाऊन राह्यल्या सोबत," आणि माझं हसू तिथेच जिरलं.

बाई म्हणजे माझी बहीण. पुण्याचं पानशेत फुटून आठ दिवस झाले नाहीत, आणि तुम्हाला पाण्याशी मस्करी सुचते? पन्नाशी आली, मिशा पिकल्या, अक्कल कधी पिकणार? तुम्हाला बुडायचं असेल तर खुशाल बुडा. तेराव्याला मी नक्की येईन. रुखमाला त्यात बसवायचं नाही, हे शेवटचं सांगतो.

ते लाकूड फोडून चुलीला लावा. पावसाळ्यात वाळलं जळण मिळत नाही, तेवढा तरी उपयोग होईल.

उत्तमराव


वडनेर भोलजी, दि. २६ जुलै १९६१

रा. रा. दादासाहेबांस,

शेषरावाचा नमस्कार. तुमच्या पत्रात या वेळी शिव्या कमी दिसल्या, म्हणून तब्येतीची काळजी वाटली.

होडी बांधतो आहे हे खरं. लढाईत मी ब्रह्मदेशात होतो, हे तुम्ही विसरलात. तुम्ही तेव्हा बांधाच्या दाव्यापायी मलकापूरच्या कोर्टात मुक्कामाला होता. तिथे इरावती नदीवर मी एका गोऱ्या साहेबाची होडी पाहिली. साहेब मासे धरत नव्हता, माल नेत नव्हता, नुसता बसून चालला होता. माणूस पाण्यावरून असा उगाच जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. परत आल्यापासून शेतीच केली, एक दिवस उगाच काही केलं नाही. आता थोडं करू द्या.

बेत विचारला नाहीत, तरी सांगतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करून येरळीला पूर्णेत होडी टाकायची. प्रवाहाबरोबर चांगदेवपर्यंत जायचं, तिथे पूर्णा तापीला मिळते. पुढे मन रमेल तिथवर. दिवसा वाहायचं, दिवेलागणीला एखादं गाव पाहून काठाला लागायचं. चांगदेवचा पुंजाजी भोई सोबत येतो, त्याचा जन्म तापीवर गेला. दसऱ्यानंतर पूर्णेचं पाणी उतरतं म्हणून होडीचं बूड सपाट ठेवलं आहे. वर ताडपत्रीचं छत, मागच्या अंगाला स्टोव्ह, ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि ठेच्याची बरणी. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं खारट पाणी पिऊन आम्ही वाढलो, आम्हाला नदीचं पाणी म्हणजे सणच.

रुखमा येणार आहे. तिला मी ओढून नेत नाही. आमच्या घरात कोण कुणाला ओढतं, हे तिच्या भावाला मी काय सांगावं?

शेषराव


मोताळा, दि. २० ऑगस्ट १९६१

श्री. शेषराव यांस,

अभिनंदन! तुमची होडी बुडाली.

येरळीचे भगवानराव, आमचे दूरचे सोयरे, काल मुद्दाम सांगायला आले. पाण्यात टाकली तशी तळाला गेली म्हणे. पोरं काठावर नाचली, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आणि तुम्ही गुडघाभर पाण्यात कमरेवर हात ठेवून उभे होता. मी लगेच देवीपुढे नारळ फोडला. खोबरं सगळ्या आळीत वाटलं आणि कशाबद्दल तेही सांगितलं.

झाली ना हौस? आता मुकाट्याने घरी बसा.

उत्तमराव


वडनेर भोलजी, दि. २६ ऑगस्ट १९६१

रा. रा. दादासाहेबांस,

नारळ वाया गेला. होडी बुडाली नाही, आम्ही बुडवली.

उन्हाळ्यात गाडीचं चाक वाळून त्याची लोखंडी धाव ढिली पडली, की तुमचे गडी काय करतात? चाक डोहात टाकतात. लाकूड फुगतं, सांधे आवळतात, आणि चाक पुन्हा ठणठणीत होतं. होडीही लाकडाचीच असते. दगड भरून तळाला बसवली, भिजू दिली, काल वर काढली. आता थेंब आत येत नाही. मोताळ्याचे मोठे जमीनदार म्हणवता आणि एवढं कळू नये? येरळीला हेर ठेवायचाच तर निदान घरी गाडी असलेला ठेवा.

आणखी ऐका. तापीवरच्या काकरापारच्या बंधाऱ्याशी होडी अडेल अशी एक धास्ती होती. पुंजाजी म्हणतो, दहा-बारा माणसं लावली की होडी दोरांनी खाली सोडता येते. म्हणजे तीही अडचण मिटली. फोडा अजून एक नारळ.

शेषराव


मोताळा, दि. ४ सप्टेंबर १९६१

श्री. शेषराव यांस,

बढाई मारायला गेलात आणि पोटातलं ओठावर आलं. काकरापार!

मी शाळेतल्या जानराव मास्तरांना नकाशा घेऊन घरी बोलावलं. त्यांनी पूर्णेवरून बोट फिरवत फिरवत तापीने खाली नेलं. काकरापार सुरत जिल्ह्यात निघालं. त्यापुढे नदीकाठी मोठं शहर एकच आहे. मन रमेल तिथवर, असं लिहिलं होतंत ना? मन कुठे रमणार आहे, ते आता मी लिहितो. तुमच्या शालूच्या दारात.

गेल्या साली मे महिन्यात इकडे महाराष्ट्र झाला म्हणून आम्ही पेढे वाटत होतो, आणि तुमची लेक मलकापूरच्या जिनिंगमधल्या गुजराती कारकुनाचा हात धरून गुजरातेत गेली. जात वेगळी, मुलूख वेगळा. माझ्या दोन पोरी उजवायच्या आहेत. थोरलीची सोयरीक ठरली होती, ती मोडली. धाकटीला पाहायला यायचे होते, ते आलेच नाहीत. कारण सगळीकडे एकच सांगतात, मामेबहीण कोणाची, तर त्या शालूची. तुम्हाला उगाच फिरायची हौस आली आहे, आणि माझ्या पोरी घरात उगाच बसल्या आहेत. जळतं माझं आतड्यापासून, तुम्हाला काय!

रुखमाने माझ्या देवघरापुढे बेलभंडारा उचलला आहे. माझ्या जिवावर शपथ घेतली आहे तिने. शपथ मोडली तर भाऊ जातो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला तेच पाहिजे आहे काय?

उत्तमराव


वडनेर भोलजी, दि. १२ सप्टेंबर १९६१

रा. रा. दादासाहेबांस,

पोळा आटोपला, आता भांडायला सवड आहे.

हो, सुरतेलाच चाललो आहोत. तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्हाला सांगितलेलं कधी चांगल्या कामाला आलेलं मला आठवत नाही. शालूला दिवस गेले आहेत. मार्गशीर्षाच्या सुमाराला बाळंत होईल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सोयऱ्यांत धमक्या देऊन तिच्या माहेराला तुम्ही कुलूप घातलंत. मग आईने जायला नको? त्या घरी दुसरं बाईमाणूस नाही. जावयाची आई कधीच वारली.

मी तर रुखमाला मलकापूरहून रेल्वेत बसवून भुसावळवरून सुरतेला केव्हाच नेली असती. ती ऐकत नाही. म्हणते, "माह्या भावाचं काई बरंवाईट झालं त मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?" तुमच्यासारख्या माणसासाठी ती लेकीला सोडून बसली आहे! मी कपाळावर हात मारून घेतला. मग एकदा जेवता जेवता विचारलं, शपथ नेमकी काय होती ते सांग. तिला तोंडपाठ: "रेल्वेनं, मोटारीनं, गाडीनं, घोड्यावर की पायी, शालूच्या दारी जाणार नाही. गेली तर माझ्या भावाचं बरं होणार नाही."

माझा घास हातातच राहिला. तुमचं आयुष्य कोर्टात गेलं, दादासाहेब. तुम्ही बहिणीला शपथसुद्धा खरेदीखतासारखी घातलीत, चतुःसीमा लिहून. नुसतं 'जाणार नाही' एवढंच वदवलं असतं, तर मी आज हात चोळत बसलो असतो. पण मोताळ्याच्या माणसाला पाण्यावरून वाट असते, हे सुचणार कुठून?

तुमच्या मुलींचं मला वाईट वाटतं. हे तिरकं लिहीत नाही, खरंच वाटतं. पण त्याचा सूड माझ्या लेकीच्या बाळंतपणावर काढू नका.

शेषराव


मोताळा, दि. १५ सप्टेंबर १९६१

श्री. शेषराव यांस,

आयुष्य कोर्टात गेलं, म्हणूनच सांगतो. दावा हरलात.

सुरतेच्या घाटाला होडी लागली. पुढे काय? शालूचं घर काय पाण्यात बांधलं आहे? घाटावरून तिच्या दारापर्यंत रुखमा जाणार कशी? चालली तर 'पायी' मोडलं. टांगा केला तर 'गाडी' आणि 'घोडा' दोन्ही मोडले. नऊ महिने भरत आलेल्या पोरीला घाटावर बोलवाल, तर तुम्ही बाप नव्हे, कसाई. एवढी मोठी होडी बांधलीत आणि शेवटच्या चार पावलांचा विचार केला नाहीत.

महालक्ष्म्या जेवल्या की मी येतो आहे. बेल आणि भंडारा सोबत आणीन. राहिलेला शब्द घालायचा आहे.

उत्तमराव


मोताळा, दि. २४ सप्टेंबर १९६१

श्री. शेषराव यांस,

तुमच्या घरचं पाणीसुद्धा न पिता मी उठलो, ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही खांबाला टेकून सुपारी कातरत होता. तमाशा पाहायला बसल्यासारखे.

मी बेलभंडाऱ्याचं ताट पुढे केलं. म्हटलं, "रुखमे, ठेव हात. होडीनं बी जाणार नाई म्हन." माझ्या शब्दाबाहेर जी कधी गेली नाही, ती माझी बहीण मला काय म्हणाली? "दादा, पयल्या बारीले तुनं भंडारा पुढं केला तवा मी रडून राह्यली होती. काय म्हनून राह्यली तेबी समजत नव्हतं. आता मी रडत नाई." आणि ताट उचलून माझ्या हातात परत दिलं. वर आणखी, "पुरन हाय, जेवून जा." जेवून जा! बापाच्या माघारी मी तिला वाढवली, मी तिचं लग्न लावलं. हे तुमचं शिकवणं आहे, दुसऱ्या कोणाचं नाही.

दुसरी शपथ तिने घेतली नाही, ठीक. पहिली कायम आहे. घाटापासून दारापर्यंत एक पाऊल जरी पडलं, तर माझं जे होईल त्याचं पाप तुमच्या माथी. यापुढे पत्र टाकू नका. आलं तर उत्तर मिळणार नाही.

उत्तमराव


वडनेर भोलजी, दि. ११ ऑक्टोबर १९६१

रा. रा. दादासाहेबांस,

उत्तर देणार नाही म्हणालात, तरी लिहितो. दसऱ्याला निघायचं आहे, त्याआधी तुमची ओळ यायला वेळ आहे.

एकच ओळ लिहा: 'शपथ मोकळी केली.' ती आली की होडी मी माझ्या हाताने फोडतो. इतकी वर्षं जिची हौस मनात बाळगली, जिला कालच हिरवा रंग दिला, ती कुऱ्हाडीने फोडतो आणि रुखमाला रेल्वेत बसवतो. मला भीती वाटते आहे. तुम्हाला लिहायला लाज वाटते, पण वाटते आहे. मला पोहता येतं, तिला येत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी याच तापीने सुरत बुडवली होती.

शेवटच्या चार पावलांना माझ्याकडे उत्तर नाही. तो दावा तुम्ही जिंकलात. मी रुखमाला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "दारी नाई जाता आलं त घाटावर बसीन. पोरीच्या जवळ त राहीन." आता बोला.

शेषराव


सुरत, दि. १२ डिसेंबर १९६१

दादा,

रुखमाचा नमस्कार. मी सोता लिहून राह्यली हाय. चवथीपर्यंत तुनंच शिकवलं, चुका निघाल्या त तुह्याच.

तुनं यायच्या पत्राले उत्तर देल्लं नाई. हे दसऱ्याच्या सकाळपर्यंत पोष्टमनची वाट पाहून राह्यले होते. सोनं वाटलं, आन मंग निघालो. येरळीपर्यंत मी गाडीनं आली ते पूर्णेच्या दर्शनाले, शालूच्या दारची वाट होडीत बसल्यावरच धरली.

पानी लई पाह्यलं दादा. चांगदेवले दोन नद्या भेटतात तिथं मी दोघींचीबी ओटी भरली. पुढं खडकात होडी अडकली, एक फळी चिरली, हे आन पुंजाजी छातीभर पान्यात उभे राहून शिव्या देत होते. देवाले कमी आन तुले जास्त. रोज संध्याकाळी जिथं उतरली, सकाळी तिथंच चढली. काठानं एक पाऊल पुढं टाकलं नाई. काकरापारले लोकायनं दोर लावून होडी खाली सोडली, तवाबी मी आतच बसून. डोळे मिटून तुहं तोंड आठवत होती, का याच्यापायी हे सारं चाललं.

सुरतेच्या घाटावर जवाई आले होते. मी पदर पुढं ओढून होडीतच बसली. यायनं त्यायले शपथेचं सांगतलं. हे म्हने डोली पाहू, पालखी पाहू. शहरात पालखी कुठं भेटते? मी म्हनलं, मी इथंच बसीन. जवायानं चपला काढल्या, धोतर खोचलं, पान्यात उतरले आन होडीपाशी पाठ करून वाकले. त्यायले आपली बोली धड येत नाई. म्हने, "बा, बसा. शालू वाट बघते." त्यायच्यात आईले बा म्हनतात.

दादा, आपल्यात सासू जवायाच्या पाया पडते. त्याच्यासमोर मोठ्यानं बोलत नाई. मी त्याच्या पाठीवर बसू? साऱ्या घाटानं पाह्यलं. मले वाटे तापीनं मले पोटात घ्यावं. तो मानूस तसाच वाकून उभा होता, हटलाच नाई. मंग मी बसली. मी काई हलकी नाई, तुले ठाव हाय. गल्लीत दोन ठिकानी भिंतीले हात लावून त्यानं दम घेतला, पन मले खाली ठेवलं नाई. शालू चौकटीले धरून उभी होती, पोट एवढं मोठं. तिच्यासमोरून त्यानं मले आत नेलं आन खाटेवर बसवलं. शालू हसून राह्यली का रडून राह्यली, मले समजलंच नाई.

रेल्वे नाई, मोटार नाई, गाडी नाई, घोडा नाई, माह्ये पाय नाई. तुह्या शपथेत जवाई नव्हता. तुनं त्याले जवाई धरलंच नाई, त शपथेत कसा येईन?

परवा पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत.

पन मले रातदिवस धाकधूक हाय. देव काई तुह्यासारखा कोर्टातला नाई. त्यानं ते चालनंच धरलं असन त? तुले खोकला त नाई? छातीत कळ येते काय? भांडाले नाई लिहिलं, दादा. तू हायेस एवढं कळव.

रुखमा


मोताळा, दि. १९ डिसेंबर १९६१

चि. रुखमास,

उत्तमरावाचा आशीर्वाद. मी आहे. खोकला आहे, पण तो तंबाखूचा आहे. शेषरावांनी उगाच आशा धरू नये.

जानराव मास्तरांना समोर बसवून मी ती शपथ पुन्हा शब्दन् शब्द तपासली. तिच्यात तुझ्या जाण्याबद्दल आहे, परत येण्याबद्दल काही नाही. तेव्हा येताना रेल्वेने ये. पुन्हा त्या लाकडात पाय ठेवलास तर माझ्यासारखा वाईट कोणी नाही. शेषरावांना होडीतून यायचं असेल तर त्यांनी यावं, त्यांना कोणी अडवलेलं नाही.

शालूने माहेरी येऊ नये, असंही तिच्यात कुठे नाही. मास्तरांनाही सापडलं नाही. लोक बोलायचे ते बोलून झाले आहेत, आणि माझ्या पोरींचं नुकसान व्हायचं तेवढं झालं आहे. आता लेकरू कडेवर घेऊन आली, तर आणखी काय होणार? सव्वा महिना झाला की निघा आणि तारीख कळवा. मी मलकापूर स्टेशनवर गाडी पाठवतो. बाळंतिणीला धक्के बसू नयेत म्हणून खाली कडबा भरपूर घालायला सांगितलं आहे.

तो सोबत येणार असेल, तर मी त्याच्याशी बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेव. पाठ दुखत असेल, तर त्यालाही गाडीत बसू द्या.

उत्तमराव